आधी सांगून टाका



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. अगदी मनापासून केली, असं मला वाटलं. "आमच्या सासूबाईंना या गोळ्यांनी खूप फरक पडला," म्हणाली. मी दोन डबे घेतले. महिन्याभराने कळलं की प्रत्येक डब्यामागे तिला कमिशन होतं. पैशांचं मला काही वाटलं नाही. पण तेव्हापासून तिने "कशी आहेस गं?" विचारलं, की माझ्या मनात आधी येतं, आता काय विकायचंय हिला? खरं नुकसान झालं ते हे.

तुमच्या पिढीलाही हे नवं नाही. शाळेतला मित्र सहा वर्षांनी फोन करतो, "माधापूरला कॉफी घेऊ" म्हणतो, आणि तिथे लॅपटॉप उघडून एक 'सर' आधीच बसलेले असतात.

आपल्या हैदराबादला याचा अनुभव जुना आहे. २००६ मध्ये आंध्र प्रदेशच्या सीआयडीने अ‍ॅमवेवर कारवाई केली. कंपनी उच्च न्यायालयात गेली. २००७ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. सभासदांखाली सभासद जोडण्याची ती पद्धत प्रथमदर्शनी १९७८ च्या मनी सर्क्युलेशन बंदी कायद्याखाली येते, असं म्हटलं. २०१९ मध्ये सायबराबाद पोलिसांनी ई-बिझ आणि क्यूनेट यांच्याशी संबंधित प्रकरणांत अटका केल्या. साखळी विक्रीत बहुतेकांची सुरुवात घरच्यांपासून आणि मित्रांपासूनच होते. ओळख हेच भांडवल!

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम केले. पिरॅमिड योजनांना त्यात बंदी आहेच. पण मला पटलेली अट वेगळी आहे. विक्रेत्याने, समोरच्याने विचारायची वाट न बघता, सुरुवातीलाच सांगायचं: मी कोण, कोणत्या कंपनीकडून आणि कशासाठी आलो. २०२२ च्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी आर्थिक संबंध असेल, तर तो उघड करायचा.

"वस्तू चांगली असली, तर नाही सांगितलं म्हणून काय बिघडलं?" असं कुणी विचारेल. बिघडतं. दुकानदाराचं बोलणं आपण तोलून घेतो, मैत्रिणीचं तसंच्या तसं घेतो. तोलायची संधीच आपण तिला देत नाही.

हे लिहिताना माझीच एक गोष्ट आठवली. मी जावेला एका पेमेंट अ‍ॅपची लिंक पाठवली होती, "फार सोपं आहे, घेच," म्हणून. तिने ते घेतलं आणि माझ्या खात्यात १०० रुपये आले. अ‍ॅप चांगलंच होतं, पण त्या शंभराबद्दल मी गप्प राहिले. गेल्या आठवड्यात तिला सांगून टाकलं. ती हसली आणि म्हणाली, "मग पन्नास माझे!"

विकण्यात कमीपणा नाही. दिवाळीचा फराळ, साड्या, मसाले विकणाऱ्या आपल्याकडे कितीतरी जणी आहेत. त्या भाव सांगून, उघडपणे विकतात आणि आपण आनंदाने घेतो. तुम्हीही रेफरल लिंक पाठवताना, एखाद्या क्रीमचं कौतुक करताना एवढंच आधी सांगा, "यात मला पैसे मिळतात बरं का." मग समोरच्याला हवं तर तो घेईल, नाहीतर तिळगूळ खाऊन घरी जाईल. पुढच्या संक्रांतीला मात्र नक्की येईल.