धुकं गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

जानेवारीत सकाळी हॉस्टेलच्या गच्चीवरून खाडीकडे पाहिलं की बऱ्याचदा समोरचं काही दिसत नाही. "काय मस्त धुकं पडलंय, अगदी माथेरान!" म्हणत पोरं फोटो काढतात. दहाच्या सुमारास ऊन चढतं, समोरच्या इमारती दिसू लागतात आणि "धुकं गेलं" म्हणून आपण लेक्चरला पळतो. माझं म्हणणं एवढंच, की पाणी गेलं तरी थेंबातला बाकीचा ऐवज तिथेच असतो. तो आपण श्वासावाटे आत घेतो, आणि तो मोजायचं काम इंजिनिअरिंगवाल्यांनी नाही करायचं तर कुणी?

सुरुवात मेसमधल्या मिठापासून करू. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. समुद्र आणि खाडी जवळ असल्यामुळे असे मिठाचे बारीक कण आपल्या हवेत असतातच. त्यात कारखान्यांच्या आणि कंटेनर ट्रकच्या धुरातून तयार होणारी सल्फेट, नायट्रेट मिसळतात. म्हणजे इथला धुक्याचा थेंब निव्वळ पाण्याचा नसतो, चक्क भेळ असते!

आता हा थेंब वाढतो कसा? शुद्ध पाण्याचा अगदी बारीक थेंब टिकत नाही. थेंब जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग जास्त वक्र, आणि पाणी तितकं पटकन उडतं. हे केल्विनचं सांगणं. उलट पाण्यात क्षार विरघळला की बाष्पदाब कमी होतो आणि थेंब पाणी धरून ठेवतो. हा राऊल्टचा नियम, जो आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि सबमिशन संपलं की विसरतो. या दोघांची रस्सीखेच स्वीडनच्या हिल्डिंग कोहलर यांनी १९३६ साली एका समीकरणात मांडली. ढग आणि धुक्याचा अभ्यास आजही तिथूनच सुरू होतो.

खरी गंमत थेंब सुकताना आहे. ७५ टक्क्यांना विरघळलेलं मीठ परत ७५ टक्क्यांना कोरडं होत नाही. आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांपर्यंत उतरेपर्यंत ते द्रावणच राहतं, फक्त अधिकाधिक दाट होत जातं. म्हणजे आपण "धुकं गेलं" म्हणतो तेव्हा डोळ्यांना न दिसणारे दाट थेंब हवेत तरंगतच असतात. शिवाय धुक्याच्या थेंबात सल्फर डायऑक्साइड विरघळून सल्फेट बनलेलं असतं. त्यामुळे पाणी उडाल्यावर उरलेला कण आधीच्यापेक्षा मोठा असू शकतो. तो श्वासनलिकेत गेला की तिथली आर्द्रता जवळपास १०० टक्के, म्हणजे परत फुगायला मोकळा!

हे काही पुस्तकी भय नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या धुक्यात कोळशाचा धूर मिसळला आणि हजारो माणसं दगावली. थेंबांतलं पाणी उडत गेलं तसं त्यातलं आम्ल आणखी तीव्र झालं, असं २०१६ च्या एका संशोधनात मांडलं गेलं. नवी मुंबई म्हणजे १९५२ चं लंडन नाही, हे कबूल. पण नियम दोन्हीकडे एकच.

कुणी म्हणेल, सरकारी यंत्रं आहेत की! आहेत, पण ती शहराची हवा सांगतात. आपल्या गेटसमोर ट्रकची रांग लागते तेव्हा ग्राउंडवरची हवा कशी असते, हे ती सांगणार नाहीत. आणि पहाटे सहाला प्रॅक्टिस आपलीच पोरं करतात.

म्हणून सुचवावंसं वाटतं, की गच्चीवर एक छोटं केंद्र उभारू. पीएम २.५, तापमान आणि आर्द्रता, दर तासाला, अख्खा हिवाळा. काही हजारांत मिळणारा लेझर सेन्सर दमट हवेत फुगलेले थेंब मोजून आकडा वाढवून सांगतो, म्हणून हवा आधी सुकवून घ्यावी लागेल. ते केमिकलवाल्यांनी करावं, सर्किट इलेक्ट्रॉनिक्सने, नोंदी कॉम्प्युटरने. आकडा रोज मेसच्या फळ्यावर लिहावा. त्याच्याशेजारी २४ तासांच्या सरासरीची भारतीय मर्यादा, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची, १५. प्रॅक्टिस सहाला ठेवायची की संध्याकाळी, हे मग सरांना आकडे दाखवून ठरवता येईल.

पुण्याच्या आयआयटीएमने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडून थेंब वाढवण्याचा प्रयोग केला. कण सोडलेले ढग आणि न सोडलेले ढग यांची तुलना करून मगच ते बोलले. आपणही अंदाजाने बोलणं सोडून मोजून बोलू या.

बाजारातून तयार प्रोजेक्ट आणून काळ्या बाइंडिंगमध्ये घालण्यापेक्षा हे बरं नाही का? व्हायवाला सांगायला निदान स्वतःचं काहीतरी असेल!