साखरेच्या गोळीचे वकील

नैराश्यावरच्या गोळ्या म्हणजे शुद्ध थोतांड आहे, असं सांगत एक विद्वान सध्या आमच्या भागातल्या व्याख्यानमाला गाजवताहेत. नाव घेत नाही. घेतलं तर पुढच्या वर्षी त्यांचं मानधन वाढेल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. सेरोटोनिन कमी पडलं की नैराश्य येतं, हा सिद्धान्त खोटा ठरला. औषधाची गोळी आणि साखरेची गोळी यांत फरक जेमतेम दोन गुणांचा. प्रतिकूल निष्कर्ष कंपन्यांनी दडपले. आणि मुळात दुःख हा आजारच नव्हे, तेव्हा वर्षानुवर्षं गोळ्या गिळणाऱ्यांनी त्या कचऱ्यात टाकाव्यात, पहाटे उठून टेकडी चढावी आणि माणसांत मिसळावं. टाळ्या. मग आभारप्रदर्शन, मग बटाटेवडा.

माझं औषधांचं दुकान आहे हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे ‘हा तर विकणारा, हा दुसरं काय बोलणार’ हा आक्षेप तुम्हाला खुशाल घेता येईल. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिनची वीस मिलिग्रॅमची एक कॅप्सूल कोपऱ्यावरच्या कटिंगपेक्षा स्वस्त पडते. तिच्या जोरावर कुणी माडी बांधल्याचं मला तरी माहीत नाही. बुद्धिवर्धक चूर्णांवर बांधलेल्या माड्या मात्र दाखवू शकतो.

टाळ्यांनंतर काय होतं ते व्यासपीठावरून दिसत नाही, गल्ल्यावरून दिसतं. एक बाई दर महिन्याला त्याच जातीच्या पॅरॉक्सेटिनची चिठ्ठी घेऊन यायच्या. यायच्या थांबल्या. पुन्हा आल्या तेव्हा काउंटरची कड धरून उभ्या होत्या. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, रात्रभर भलतीसलती स्वप्नं, पोटात सारखं ढवळतं. ‘सर म्हणाले या गोळ्यांनी काहीच होत नाही. मग बंद केल्यावर एवढं का होतंय हो?’ मी त्यांना तडक त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सोडल्यावर त्रास होतो म्हणून गोळी गुणकारी ठरते, असं मी म्हणणार नाही. दारू सोडतानाही त्रास होतोच. पण साखर खाणं थांबवल्यावर डोक्यात करंट बसल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. ‘एकदम बंद करू नका, मात्रा हळूहळू उतरवा’ हे एक वाक्य व्याख्यानात घालायला कितीसा वेळ लागला असता? टेकडीच्या वर्णनातून दहा सेकंद काढता आले असते.

आता एकेक मुद्दा घेऊ. सेरोटोनिनचा सोपा आहे. २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे नैराश्य येतं याला भरवशाचा पुरावा नाही, असं मांडलं. मान्य. सिद्धान्त मोडीत काढा. पण सिद्धान्ताबरोबर औषधही मोडीत निघतं, हा न्याय कुठला? ही औषधं सिद्धान्तातून जन्मलेलीच नाहीत. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना आयप्रोनियाझिड देत होते, तर खाटांवर मलूल पडून असणारी माणसं उठून हिंडू-फिरू लागली, जेवण मागू लागली. स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांनी स्किझोफ्रेनियावर म्हणून आलेलं इमिप्रामिन नैराश्याच्या रोग्यांना देऊन पाहिलं आणि १९५७ साली निष्कर्ष छापले. सेरोटोनिनची उपपत्ती त्यानंतरची, साठच्या दशकातली. औषध आधी आलं, कारणमीमांसा मागून आली आणि फसली. ॲस्पिरिन १८९९ पासून विकलं जातंय. ते शरीरात नेमकं काय करतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. मधली बहात्तर वर्षं लोकांची डोकी काय सिद्धान्ताची वाट पाहत दुखत राहिली होती?

कंपन्यांच्या लबाडीबद्दल वाद नाही. २००८ साली एका अमेरिकी अभ्यासाने सरकार-दरबारी नोंदलेल्या ७४ चाचण्या तपासल्या. अनुकूल निघालेल्या ३८ पैकी ३७ छापल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नव्हत्या आणि ११ अनुकूल असल्यासारख्या रंगवून छापल्या होत्या. ही चोरी आहे. पण चोरी पकडल्यावर, दडवलेला माल धरून पुन्हा हिशेब केला तेव्हाही औषधाचा परिणाम शून्यावर आला नाही, कमी झाला. व्याख्यानात पहिलं वाक्य असतं, दुसरं गळतं.

आणि आता ते दोन गुण. यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळी इमारत याच विटेवर उभी आहे आणि ही वीट कुणी उचलून पाहत नाही.

नैराश्य मोजायला १९६० साली मॅक्स हॅमिल्टन यांनी एक मोजपट्टी केली. सतरा बाबी, कमाल ५२ गुण. जितके गुण जास्त तितका आजार मोठा. तिच्यात उदास मनःस्थितीला कमाल चार गुण आहेत. झोपेला? तीन वेगळ्या बाबी: झोप लागत नाही, मध्येच मोडते, पहाटे लवकर जाग येते. प्रत्येकी दोन, मिळून सहा. म्हणजे जगणं नकोसं झालेल्या माणसाचं मन जागच्या जागी राहिलं आणि झोप तेवढी सुधारली, तरी तो कागदावर सहा गुणांनी बरा. उलट पाहा. याच पट्टीत पोटाच्या तक्रारी आणि कामेच्छा यांनाही गुण आहेत. फ्लुओक्सेटिनच्या जातीच्या औषधांचे नेहमीचे दुष्परिणाम कोणते? पोटात ढवळणं आणि कामेच्छा मंदावणं. मन हलकं झालं म्हणून गुण उतरतात आणि गोळीच्याच दुष्परिणामांमुळे पुन्हा चढतात. शेवटी बेरीज पाहून आमचे विद्वान म्हणतात, बघा, फरक दोनच गुणांचा! २००८ च्याच दुसऱ्या एका अभ्यासातल्या ज्या प्रसिद्ध आकड्यावर हे सगळं चाललंय तो १.८ आहे, दोनही पुरते नाहीत.

स्वीडनच्या संशोधकांनी २०१६ साली यातली मेख दाखवली. त्यांनी औषध आणि प्लासिबो (म्हणजे आपली साखरेची गोळी) यांच्या ३२ तुलना घेतल्या. सतराही बाबींची बेरीज धरली तर त्यांतल्या १८ ठिकाणी औषध नापास. फक्त ‘उदास मनःस्थिती’ ही एकच बाब पाहिली तर नापास किती? तीन. तीच माणसं, त्याच गोळ्या, त्याच चाचण्या. बदलला तो प्रश्न. ज्या आजाराला आपण ‘मनाचं औदासीन्य’ म्हणतो, त्यात मनाचं औदासीन्य मोजणं हा काही पक्षपात नव्हे.

यापुढे सरासरीची गोष्ट. गावातल्या सगळ्या पायांची सरासरी काढून एकाच मापाच्या चपला शिवल्या, तर चांभाराला शिव्या बसतील. व्याख्यात्याला हार मिळतो. २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे आलेल्या २३२ चाचण्यांतली, ७३,३८८ माणसांची, एकेकट्याची माहिती तपासली गेली. सरासरी फरक निघाला १.७५ गुणांचा, म्हणजे विद्वानांचा आकडा अगदी बरोबर. पण अभ्यास तिथे थांबला नाही. मोठी सुधारणा झालेली माणसं औषधाच्या गटात २४.५ टक्के होती आणि प्लासिबोच्या गटात ९.६ टक्के. म्हणजे सगळ्यांना चिमूटभर फायदा झाला असं नाही. शंभरातल्या पंधराएक जणांना असा घसघशीत फायदा झाला जो साखरेच्या गोळीने झाला नसता, आणि बहुतेकांना तसा फारसा झाला नाही. ‘पंधराच?’ असं कुणी विचारेल. विचारा. हा आकडा मलाही कमी वाटतो. पण ‘शंभरातल्या पंधरांना’ आणि ‘कुणालाच नाही’ यांत पंधरा माणसांचं अंतर आहे, आणि ती पंधरा आपल्या घरातली असली की व्याख्यानाचा सूर बदलतो.

तरीही आतापर्यंत आपण त्यांच्याच अंगणात खेळलो. या बहुतेक चाचण्या सहा ते आठ आठवड्यांच्या. आणि विद्वान ज्यांना गोळ्या फेकायला सांगताहेत ते वर्षानुवर्षं गोळ्या घेणारे. जुनाट नैराश्य म्हणायचं तर निदान दोन वर्षं उलटलेली असावी लागतात. सहा आठवड्यांच्या परीक्षेवरून दोन वर्षांच्या आजाराचा निकाल? नव्याने आलेलं नैराश्य कित्येकदा आपसूक ओसरतं आणि त्याचं श्रेय साखरेच्या गोळीच्या पदरात पडतं. मुरलेलं नैराश्य असं सहसा ओसरत नाही, म्हणून तिथे साखर उघडी पडते. १९८८ साली छापलेल्या एका चाचणीत जुनाट नैराश्याच्या रोग्यांना इमिप्रामिन दिलं. चाचणी पूर्ण केलेल्यांपैकी इमिप्रामिनवर ५९ टक्के सुधारले, प्लासिबोवर १३. चाचणी लहान होती, पण विद्वानांच्या दोन गुणांत ती कुठे बसते?

राहिला ‘दुःख हा आजारच नव्हे’ हा मुद्दा. इथे हमखास एक जुना वाद उकरला जातो: ‘पूर्वी कुठे होतं हो हे डिप्रेशन?’ एकत्र कुटुंब, अंगण, गप्पा, सगळे आनंदी. मागे एका लग्नात याच विषयावर माझी एका आजोबांशी जुंपली होती. त्यांच्याच वाड्यात माजघरातल्या एका काकू कायम आजारी असायच्या, कुणाशी बोलायच्या नाहीत, त्यांना ‘वारं लागलं’ होतं, हे जेवणाच्या पंगतीत त्यांनीच मला सांगितलं. डिप्रेशन नव्हतं म्हणे. बरं.

माझं म्हणणं काय, असं विचाराल तर ते व्याख्यानाइतकं रंगतदार नाही. जुनाट नैराश्यात गोळी हा उपचाराचा एक भाग आहे. २००० साली अमेरिकेत ६८१ जुनाट रोग्यांवर एक मोठा अभ्यास छापून आला: नुसतं औषध ४८ टक्क्यांना लागू पडलं, नुसती बोलण्याची उपचारपद्धती ४८ टक्क्यांना, दोन्ही एकत्र ७३ टक्क्यांना. (ज्यांनी तो केला त्यांचे औषधकंपन्यांशी लागेबांधे इतके होते की यादी छापायला पानं पुरेनात, आणि ते औषध, नेफाझोडोन, पुढे यकृताला घातक म्हणून बऱ्याच देशांत बाजारातून गेलं. विद्वानांना हा दारूगोळा मीच पुरवतो.) २००९ सालच्या दुसऱ्या अभ्यासात औषधाला बोलण्याची जोड दिल्यावर तेवढा फायदा दिसला नाही. तेव्हा ७३ चा झेंडा मी नाचवणार नाही. औषध आणि बोलणं यांत सवतीमत्सर लावण्यात काही अर्थ नाही, एवढंच म्हणतो.

गोव्यात तर दोन्ही बाजूंचे पुरावे हाताशी आहेत. २००३ साली तिथल्या जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत ४५० जणांवर केलेला अभ्यास छापला गेला. नैराश्य आणि चिंतेच्या त्या रोग्यांमध्ये दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन प्लासिबोपेक्षा सरस ठरलं, समुपदेशन नाही. २०१७ साली त्याच गोव्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, पदवीधर डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी थोड्याशा बैठकांत तीव्र नैराश्याचे ६४ टक्के रोगी सावरले. नेहमीच्या उपचारांत ३९. दोन्ही आकडे भिंतीवर लावा.

आणि गोळी थांबवायची असेल तर थांबवताही येते. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेऊन बऱ्या असलेल्या ४७८ जणांचा वर्षभर अभ्यास झाला आणि २०२१ साली छापला गेला. चालू ठेवणाऱ्यांत ३९ टक्के पुन्हा आजारी पडले, उतरवत बंद करणाऱ्यांत ५६. बंद करणाऱ्यांतले ४४ टक्के वर्षभरात पुन्हा आजारी पडले नाहीत, हेही खरं. त्यांत आपण असू की नाही, हे डॉक्टरांसमोर बसून ठरवायचं.

आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या पंच्याऐंशी रोग्यांपर्यंत उपचारच पोहोचत नसल्याचं निघालं. व्याख्यान उरलेल्या पंधरांना उठवून घरी पाठवायला निघालंय. खरं तर विद्वानांना संशोधनाचा एवढा कळवळा आहेच, तर महाराष्ट्राच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, कंपनीचा पैसा न घेता, जुनाट रोग्यांवर दोन वर्षांची चाचणी व्हावी अशी मागणी त्यांनी करावी. त्या अर्जावर पहिली सही मी करतो. दुसरी त्यांनी करावी, मग हवं तर दोघं मिळून टेकडी चढू.