एका गळ्याचे झीलकरी

२०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या मतदानाला थोडेच दिवस उरले असताना, दिंद्रुडला एका परिचिताच्या खोलीत मी बसलो होतो. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, टेबलावर संगणक, समोर एकच मायक्रोफोन. प्रचारगीताचे ध्वनिमुद्रण चालले होते. गाणारा एकटाच, पण तयार झालेले गीत ऐकवले गेले तेव्हा त्याच्यामागे आठ-दहा जणांची झील स्पष्ट ऐकू आली. झीलकरी कुठे आहेत, असे मी विचारले. "ते गेले की उसाला," मित्र म्हणाला.

बीड जिल्ह्यातला वाचक यावर चकित होणार नाही. दिवाळी आटोपली की कोयते निघतात, उचल घेतलेला माणूस निवडणुकीसाठी थांबत नाही आणि गावातले भजनी मंडळ निम्मे रिकामे होते. ती रिकामी जागा आता संगणकातली 'हार्मनी' नावाची सोय भरून काढते.

तिचे काम समजून घेतले पाहिजे. गायकाचा स्वर ओळखायचा, तो वर किंवा खाली सरकवायचा आणि गळ्याची घडण मात्र कायम ठेवायची, म्हणजे आवाज कार्टूनमधल्या उंदरासारखा होत नाही. सरकवायचे किती, याच्या तीन मुख्य रीती आहेत. पहिलीत अंतर कायमचे ठरलेले असते. दुसरीत पट्टी व सप्तक आधी सांगून ठेवायचे. तिसरीत पेटीसारख्या पट्ट्या दाबून प्रत्येक सूर हातानेच द्यायचा.

त्या गीताची चाल भूपातली होती. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. पहिल्या रीतीने चार अर्धस्वरांचे अंतर ठेवले तर 'सा'वर 'ग' मिळतो खरा, पण 'रे'वर तीव्र मध्यम येतो, 'ग'वर कोमल धैवत, 'प'वर निषाद आणि 'ध'वर कोमल ऋषभ. पाचांपैकी चार परके! दुसऱ्या रीतीत 'मेजर', म्हणजे आपला बिलावल, निवडला तरी 'रे'वर मध्यम आणि 'प'वर निषाद उभे राहतातच. मित्र पेटी वाजवणारा, म्हणून त्याने तिसरी रीत धरली होती. ते निभावले; जाणत्याच्या हाती हे एक वाद्यच आहे.

म्हणून यंत्र आले, संस्कृती बुडाली, अशी ओरड मी करणार नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत नीट उघडले नाही. आणि आज पेटीवाचून भजन उभे राहत नाही. सूर दुरुस्त करणारे 'ऑटो-ट्यून' १९९७ मध्ये आले, तेही भूगर्भातल्या लहरींवरून तेल शोधणाऱ्या शास्त्रात काम केलेल्या अँडी हिल्डेब्रँड यांच्या हातून. वाद्ये कुठूनही येतात.

माझी हरकत वेगळी आहे. झील ही साक्ष असते. पुढचा म्हणतो ते मागच्यांना मान्य आहे, हे ती सांगते. प्रचारगीतात 'आम्ही सारे' म्हणणारे सारे एकाच गळ्यातून काढलेले असतील, तर मतदाराला ते कळायला नको काय? कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रचारसाहित्यावर तसे लिहावे, अशी सूचना निवडणूक आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये पक्षांना केली. ही झील मात्र साध्या गणिताची, तिच्याकडे कोण बघणार? शिवाय झीलकऱ्याला मिळणारी थोडी बिदागीही गेली, आणि तीही तो उसाच्या फडात असताना.

पट्टा पडल्यावर माणसे परतली. मित्राने त्यांतल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्याला ते गीत ऐकवले. त्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "समदे एकदाच दम घेतेत का रं?"

मित्राने त्याला चहा दिला आणि दुसरे गाणे लावले.