बासनातला मराठवाडा

2023 च्या सप्टेंबरात मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या लोखंडी पेट्या उघडू लागल्या. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचा जुना दाखला; कुठेतरी ‘कुणबी’ अशी नोंद हवी होती. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला, निजामी उर्दू वाचणाऱ्यांना त्याहून जास्त. नोंद मिळो न मिळो, बासन पुन्हा माळ्यावर गेलं. त्यातली लग्नखर्चाची यादी, सावकाराची पावती, दुष्काळी सालातलं पत्र कोणी उलगडून पाहिलं नाही.

औंढा नागनाथसारख्या देवस्थानच्या गावाला हे दुर्लक्ष फार महागात पडतं. इथल्या यादवकालीन देवळाच्या शिल्पांवर लिहिलं गेलं, विसोबा खेचर आणि नामदेवांची गोष्ट घरोघर माहीत आहे. मधल्या शतकांत देवापुढे दिवा कोण लावत होतं, नगारा कोणाकडे होता, त्या चाकरीबद्दल कोणती जमीन मिळाली होती, हे कळायचं तर सेवेकरी घराण्यांकडच्या सनदा आणि मुंतखब, म्हणजे इनामाचे निजामी दाखलेच, धुंडाळायला हवेत.

वि. का. राजवाडे यांनी घरोघरचे कागद असेच धुंडाळले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, पुढे 22 खंड झाले. त्या पहिल्या खंडातली पानिपतच्या काळातली पत्रं वाईतल्या एका घरात सापडली होती. मराठवाडा तर 1948 पर्यंत निजामाकडे, राज्याचं दफ्तर हैदराबादेत. इथे घरातल्या कागदाचं मोल अधिकच.

लोक अडाणीपणामुळे कागद देत नाहीत, असं शहरात सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. इकडे कागद म्हणजे जमीन. इनाम निर्मूलनाचा कायदा 1954 चा, तरी इनामी जमिनींचे दावे अजून मिटलेले नाहीत. अशा वेळी पणजोबांची सनद परक्याच्या हाती देणं म्हणजे भाऊबंदकीला आवतणच!

म्हणून मूळ कागद मागूच नयेत. तालुक्याच्या ठिकाणी मालकासमोर स्कॅन करावं, कागद त्याच दिवशी परत द्यावा, वादातला कागद किती वर्षं झाकून ठेवायचा हे त्या कुटुंबाने ठरवावं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. मराठवाड्यात त्यांच्या जोडीला शिकस्ता, म्हणजे घसटत्या हाताची उर्दूही हवी. निजामी शाळांत उर्दूतून शिकलेले लोक आता नव्वदीला टेकले आहेत. त्यांच्या घरी जाऊन हे कागद त्यांच्याकडून वाचून घेण्याचं काम आधी व्हावं, स्कॅनर वर्षभराने आला तरी चालेल.