म्हातारी विसरते, की तिला शिकूच दिले नाही?

सेनगाव तालुक्यातील एका आजीला तिच्या मुलाने आमच्याकडे आणले. भावकीतल्या कोणी तिचा अंगठा घेऊन दोन एकर लिहून घेतले होते आणि अंगठा कधी दिला हे तिला आठवत नव्हते. आम्ही तिला शहरात तपासणीला पाठवले. तिथे काय विचारले? शंभरातून सात वजा करा, त्यातून पुन्हा सात. एक वाक्य लिहा. आकृती बघून काढा. आजी म्हणाली, "साहेब, म्या साळंचं तोंड कवा पाहिलं?" गुण कमी पडले. आता हा कागद कोर्टात ठेवला, तर समोरचा वकील म्हणणार, म्हातारी निरक्षर आहे, बुद्धी शाबूत आहे. त्याला खोटे कसे पाडायचे?

ही ३० गुणांची परीक्षा १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. ती शिकलेल्यांची परीक्षा आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटी नाकारली, त्यांच्या मेंदूचे माप त्याच पाटीवर घेणे हा दुसरा अन्याय होय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढील ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आढळला. बायका, खेडी आणि अशिक्षित यांत प्रमाण जास्त. म्हणजे धोका आमच्याच घरात जास्त!

म्हणून मज्जातंतूच्या चाचणीकडे आम्ही आशेने पाहतो. मनगटाच्या नसेला विजेचा हलका झटका देतात आणि सुमारे २० मिलिसेकंदांनी डोक्यावर धरलेल्या कॉईलमधून चुंबकीय झटका. एरवी पहिल्या झटक्यामुळे हाताच्या स्नायूचा प्रतिसाद दबतो. अल्झायमरमध्ये तो तितका दबत नाही, कारण मेंदूतील अॅसिटिलकोलीन या रसायनाचे काम मंदावलेले असते. इटलीतील संशोधकांनी २००२ साली हे दाखवले. नसेला लिहिता-वाचता यावे लागत नाही.

मात्र भाबडेपणा नको. ही चाचणी मुख्यतः संशोधनात वापरली जाते, एकट्या तिच्यावर निदान होत नाही. शिवाय करार कायदा १८७२ चे कलम १२ वेगळेच विचारते: अंगठा देताना व्यवहार कळत होता का? त्यासाठी डॉक्टरांचा कागद अंगठ्याच्या आधीचा हवा. आजी चुलीवर दूध विसरू लागली, बाजाराचा हिशेब चुकू लागली, तेव्हाच तिला न्यायला हवे होते. बी-१२ आणि थायरॉईड तपासायला तर चुंबकही लागत नाही. पण आपण म्हणतो, वय झालं.

ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चे कलम २० प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळी सोय आणि अनुभवी वैद्यकीय अधिकारी सांगते. हिंगोलीत ती सोय कोणत्या वारी, कोणत्या खोलीत मिळते आणि निरक्षरांची स्मरणशक्ती तिथे कशी तपासतात, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्ज आम्ही फुकट लिहून देऊ.