गाणं तुझं, सही कुणाची?

परवा रात्री साडेअकराला मित्राचा फोन. ‘‘अगं, गाणं विकलं गेलं! पंधरा हजार! उद्या सही.’’ हा पठ्ठ्या दिवसा हिंजवडीत कोडिंग करतो आणि रात्री गाणी. मी विचारलं, ‘‘कागद वाचलास?’’ ‘‘वाचायचंय काय? चार पानं तर आहेत.’’

सकाळी कॉफीवर ती चार पानं वाचली. दुसऱ्या पानावर होतं, सगळे हक्क, जगभर, कायमचे. तिसऱ्यावर, रॉयल्टी मागणार नाही. झोपच उडाली!

बॉस, कायद्याच्या नजरेत एक गाणं म्हणजे तीन वस्तू. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. तिन्हींचा कॉपीराइट वेगळा. शब्द याचे, चाल याची आणि गिटारवाल्याची मिळून, रेकॉर्डिंग याच्या बोनसमधून केलेलं. पंधरा हजारांत तिन्ही जाणार होतं, आणि निम्म्या चालीच्या मालकाला पत्ताच नाही!

आता गुड न्यूज. २०१२ मध्ये आपला कॉपीराइट कायदा बदलला. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेतही किल्ला लढवला होता. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बस्स. म्हणजे ते तिसरं पान कायद्यापुढे टिकत नाही. पण रेकॉर्डिंगचा मालक म्हणून काय मिळणार, ते करारातच बघावं लागतं. आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. म्हणून तर कंपन्या ‘जगभर, कायमचे’ आवर्जून लिहितात!

मग करायचं काय? गाणं झालं त्याच दिवशी कुणाचा किती वाटा ते एका कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्री टिकते. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, कॉपीराइट गाणं बनताच मिळतो. तरी तारखेसकट डेमो जपून ठेवा. गीतकार-संगीतकार असाल तर आयपीआरएसचे मेंबर व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. रेडिओवर, हॉटेलात, स्ट्रीमिंगवर गाणं वाजलं की तुमच्या वाट्याचे पैसे ही सोसायटी गोळा करते. नोंदच नसेल तर ते तुमच्यापर्यंत पोचणार कसे?

‘‘पण चान्स गेला तर?’’ मित्राचा खरा प्रश्न हा होता. ही भीती माझ्या ओळखीची. फ्रीलान्सिंगच्या पहिल्या वर्षी मीही न वाचता सही ठोकली होती. माझे लेख पुढे पुस्तकात आले, आणि ते पुस्तक मी दुकानातून पैसे देऊन विकत आणलं!

त्यानं सही केली नाही. फक्त रेकॉर्डिंग, तीन वर्षांसाठी, रॉयल्टीत वाट्यासकट, असा मेल टाकला. खाली गिटारवाल्याचंही नाव. उत्तर अजून आलेलं नाही. पठ्ठ्या दर दहा मिनिटांनी इनबॉक्स उघडतोय. पण आज संध्याकाळी कट्ट्यावर त्यानं तेच गाणं म्हटलं, आणि ते अजून त्याचंच होतं.