शिकायला गेलेला दिवस खाडा धरू नका

वेल्डिंग शिकायला आलेल्या पोरांचा पहिला आठवडा रॉड चिकटण्यातच जातो. दहा नंबरचा रॉड होल्डरमध्ये धरायचा, काडेपेटीवर काडी ओढावी तसा प्लेटवर ओढायचा आणि ठिणगी पडली की किंचित उचलून तेवढ्याच अंतरावर पुढे न्यायचा. सांगायला सोपं. पोरं घाबरून रॉड जास्त उचलतात, आर्क विझतो. नाहीतर दाबून धरतात, मग रॉड प्लेटला चिकटतो, बघता बघता लालबुंद होतो आणि हिसके मारून सोडवावा लागतो. मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा निदेशक होतो. हे दृश्य दर वर्षी बघितलं.

२०११ च्या तुकडीत एकाचा रॉड मात्र तिसऱ्या दिवसापासून चिकटायचा थांबला. पोरं त्यांना अण्णा म्हणायची, मीही अण्णाच म्हणायला लागलो. वय एकेचाळीस. बाकीची पोरं सतरा-अठरा वर्षांची. मी विचारलं, "अण्णा, आधी कुठं केलंय का हे काम?" ते म्हणाले, "न्हाई सर. आवाज बदलला की कळतंय."

सोलापूरच्या पूर्वभागात त्यांनी वीस वर्षं यंत्रमाग चालवले होते. चार-सहा मागांच्या मध्ये उभं राहणारा माणूस डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त काम करतो. एवढ्या खडखडाटात कुठल्या मागाचा धागा तुटला, कुठला धोटा अडखळतोय, हे त्याला मान न वळवता समजतं. आर्कचंही तसंच आहे. अंतर बरोबर असलं की कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा आवाज येतो. अंतर वाढलं की तो फुटतो, फुसफुसतो. ही गोष्ट मी पोरांना पहिल्या दिवशी सांगतो आणि ती त्यांच्या कानात उतरायला चार महिने लागतात. अण्णांचा कान वीस वर्षं आधीच तयार होता.

ते आले होते थोरल्या मुलाचा प्रवेश अर्ज घेऊन. मुलाला इलेक्ट्रिशियनला जागा मिळाली. जाता जाता वर्कशॉपच्या दारात थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "सर, मला बी शिकता येईल का?" आयटीआयच्या प्रवेशाला वरची वयोमर्यादा नाही. नियमात वाढलेलं वय कधीच आड येत नाही. पण एकेचाळिशीचा माणूस अर्ज मागतोय म्हटल्यावर आमच्याकडेही सगळे क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले.

त्यांच्या मालकाने माग भंगारात काढून तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत त्यांनी मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलली, लग्नसराईत मांडव घातले, रात्रपाळीला पहारा दिला. असा माणूस कुठल्या नोंदीत 'बेरोजगार' म्हणून दिसत नाही, कारण आठवड्यातून दोन दिवस तो काहीतरी करत असतो. त्याचं कसब मात्र बेकार पडलेलं असतं, आणि ते जितके दिवस पडून राहतं तितकं त्याचं त्यालाच खोटं वाटायला लागतं. दीर्घकाळच्या बेकारीचा हा सगळ्यात वाईट भाग आहे. पैशाची ओढाताण नंतर येते, आधी माणूस स्वतःला 'आता आपलं काय होणार' असं सांगायला लागतो.

अण्णा दिवाळीआधी सोडून गेले. एक वर्षाचा अभ्यासक्रम, त्यातले जेमतेम तीन महिने झाले होते. एका सकाळी धुऊन घडी केलेला ॲप्रन आणि हातमोजे घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. घरात एकट्या बायकोच्या विड्यांवर चूल चालली होती. भाडं थकलं होतं. आयटीआयच्या मुलांना तेव्हा सरकार महिन्याला ४० रुपये विद्यावेतन देत होतं. महिन्याला, रोजचे नव्हे. दशकानुदशकं तो आकडा हलला नाही. २०२३ मध्ये तो ५०० रुपये करण्याचा निर्णय झाला, त्याचं मी मनापासून स्वागत केलं. पण पाचशे रुपयांवर अण्णांसारख्या माणसाचं घर आठवडाभरही चालणार नाही. "घरात एकजण शिकतोय, ते बास सर," एवढं बोलून ते गेले.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही. वडील याच शहरातल्या एका गिरणीत जॉबर होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीच्या आतच होते. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर केंद्र सरकारने बंद गिरण्यांतल्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी सुरू केला होता. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के. कल्पना चांगली होती. तीन वर्षांत माणूस दुसरीकडे पाय रोवेल आणि आधाराची गरज हळूहळू कमी होईल, असा हिशेब. आमच्या घरात ते पैसे उशिरा आले, पण आले. माझ्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष त्यावर पार पडलं, हे मी विसरणार नाही.

पण त्या तीन वर्षांत वडिलांना कुणी काही शिकवलं नाही. काय शिकायचं, कुठं शिकायचं, त्यांच्या हातातल्या कसबाचा आणखी कशासाठी उपयोग होईल, हे विचारायलाही कुणी आलं नाही. साच्याचा प्रत्येक स्क्रू ओळखणारा माणूस सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पारावर जाऊन बसायचा. पंच्याहत्तरचे पन्नास झाले, पन्नासचे पंचवीस झाले, मग तेही संपले. शर्ट तसाच इस्त्रीचा राहिला.

वडिलांना पैसा मिळाला, शिकायला मिळालं नाही. अण्णांना शिकायला मिळालं, पैसा मिळाला नाही. दोघांच्या मध्ये दोन दशकांच्या आसपास अंतर होतं आणि तेवढ्या काळात सरकारला या दोन गोष्टी एका कागदावर आणता आल्या नाहीत. आजही त्या एका कागदावर नाहीत.

सरकार पैसा खर्च करत नाही, असं मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये, आधी सहा महिने आणि मग मुदत वाढवून अकरा. माझ्या शेजारची बी.ए. झालेली मुलगी त्यात एका कार्यालयात गेली. मन लावून काम केलं तिने. पण अकरा महिने नोंदी टाइप करणं आणि झेरॉक्स काढणं याला मी प्रशिक्षण म्हणू शकत नाही. मुदत संपल्यावर ती जिथून निघाली होती तिथेच परत आली, फक्त एक वर्षाने मोठी होऊन. तिच्यासारखी मुलं कायम करा म्हणून रस्त्यावर उतरली, त्यात त्यांचा दोष नाही. काम शिकवतो असं सांगून नेलं आणि कामावर ठेवलं, मग ती काम मागणारच. या योजनेची वयोमर्यादा १८ ते ३५. छत्तिसाव्या वर्षी माग बंद पडला तर तो माणूस या दारातूनही आत येत नाही.

कर्मचारी राज्य विमा असलेल्या कामगाराची नोकरी गेली तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम मिळते, तीही जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदा. अण्णांच्या मालकाने विमा कधी काढलाच नव्हता.

म्हणून माझी मागणी एकच आहे. घर चालवणारा माणूस वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ नियमित कामाशिवाय असेल आणि तो कसब शिकायला येत असेल, तर त्याचा शिकण्याचा दिवस कामाचा दिवस धरा. हजेरी लागली की रोज पडला पाहिजे. किती? रोजगार हमीचा दर घ्या. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात तो दिवसाला ३१२ रुपये ठरला. महिन्याचे २६ दिवस धरले तर ८,११२ रुपये होतात. वेल्डरच्या एका वर्षाचे ९७,३४४. युवा योजनेत आयटीआय झालेल्या मुलाला सरकार महिना आठ हजार देतच आहे. म्हणजे एवढी रक्कम एका माणसावर खर्च करायला राज्याची हरकत नाही. हरकत फक्त वयाची आहे, आणि कार्यालयातल्या खुर्चीऐवजी वर्कशॉपच्या बाकावर बसण्याची.

रोजगार हमीचा दर मी उगाच घेतलेला नाही. 'मागेल त्याला काम' हे या राज्याने देशाला शिकवलं. विधान परिषदेचे सभापती असलेल्या सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागेंनी ती कल्पना लावून धरली, १९७२ च्या दुष्काळात ती लाखो लोकांच्या पोटाला उपयोगी पडली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आणि तिचा पैसा कुठून आला? १९७५ च्या व्यवसाय करातून. माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला 'पी. टी.' म्हणून दोनशे रुपये कापले जायचे, फेब्रुवारीत तीनशे. शहरातल्या पगारदाराने गावातल्या बिनकामाच्या माणसासाठी दिलेला तो वाटा होता. आपण कशासाठी कापून देतो आहोत हे आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. मला ते कळलं तेव्हा ते दोनशे रुपये कधी जड वाटले नाहीत. पण ही हमी गावापुरतीच राहिली. शहरातला माग बंद पडला तर त्या कामगाराला कुणाकडे काम मागायचा हक्क नाही. व्यवसाय कर शहरातूनही गोळा होतो. त्यातून शहरातल्या अण्णांचा एक वर्षाचा रोज निघाला पाहिजे.

यावर मला नेहमी सांगितलं जातं, की लोक नुसते रोज घ्यायला येऊन बसतील. या शंकेला आधार आहे, हे मान्य. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेची २०१५ ते २०२२ या काळाची तपासणी कॅगने केली, तेव्हा बहुतेक लाभार्थ्यांच्या बँक खात्यांचे रकाने कोरे किंवा निरर्थक आकड्यांनी भरलेले आढळले. प्रमाणपत्रं वाटली, पण पैसा कुणाच्या हातात गेला याचा पत्ता नाही. माझ्या मते यात शिकणाऱ्याची लबाडी नाही. जिथे अनुदान नावनोंदणीवर आणि प्रमाणपत्रावर मिळतं, तिथे प्रशिक्षण केंद्रं नावं आणि प्रमाणपत्रंच तयार करतात. केंद्राचा निम्मा हप्ता अडवून ठेवा. माणूस त्या कामावर वर्षभर टिकला, त्याच्या खात्यात मजुरी जमा होत राहिली, की मगच तो सोडा. शिकवणारे आपोआप शिकवायला लागतील.

आणि वर्कशॉपमध्ये नुसतं बसता येत नाही. जोडलेली प्लेट थंड झाली की व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवतात. आत स्लॅग राहिला असेल, सांधा वरवर भरला असेल, तर तिथेच तडकते. दर शनिवारी ही परीक्षा घ्या, चार शनिवार प्लेट तडकली तर रोज थांबवा. मी तुकड्याच्या तुकड्या अशा तपासल्या आहेत, मला यात अवघड काही दिसत नाही.

अवघड आहे ते रॉडचं. एका वर्षी मार्चअखेरीस आमच्याकडे नवं मशीन आलं, वर्कशॉपमधलं सगळ्यात महाग. रॉडचा साठा जूनमध्ये संपला आणि नवा यायला ऑक्टोबर उजाडला. तोवर पोरं खडूने प्लेटवर रेघा ओढून हाताचा वेग शिकत होती. मशीन खरेदीचं उद्घाटन होतं, रॉडच्या पुड्यांचं होत नाही. अनुदान देणाऱ्यांनी कच्च्या मालाचा पैसा आधी द्यावा, मशीन दोन वर्षं उशिरा आलं तरी चालेल.

राज्यात चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरपासून त्यांच्यात अल्पकालीन अभ्यासक्रमही सुरू झाले. शेड आहेत, वीज आहे, निदेशकांच्या रिकाम्या जागा भरल्या तर शिकवणारे हातही आहेत. त्यात चाळिशीतल्या माणसांसाठी वेगळी तुकडी काढा. त्यांना पोरांच्या मागे रांगेत उभं करू नका. त्यांच्या जुन्या कामाची आधी विचारपूस करा, कारण मागावरचा कान, रंगाऱ्याचा हात, ट्रकच्या चालकाची नजर हे सगळं नव्या कामात उपयोगी पडतं आणि वर्षाचं शिक्षण सहा महिन्यांवर आणतं.

अण्णा मला गेल्या वर्षी भेटले, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एका फॅब्रिकेशन शेडच्या फाटकावर. आता चौपन्न-पंचावन्नचे असतील. खाकी शर्ट, हातात नोंदवही, गाड्यांचे नंबर लिहून घेत होते. थोरला मुलगा पुण्याला असतो, बरं चाललंय म्हणाले. मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. बोलता बोलता मध्येच थांबले आणि शेडकडे मान वळवली. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.

"आत कुणीतरी नवीन पोरगं आहे सर," ते म्हणाले. "रॉड चिकटतोय त्याचा."